पेटी जागा सोडत नाही

सोमवार, ४ तारीख
सगळ्यांत आधी आला तो उंच चष्मेवाला. नमस्कार ना चमत्कार, बूट घालून थेट आत. मागून त्याचा आणि नातीचा बुटका साहेब. मी कालच नातीकडे राहायला आले, पिशव्यासुद्धा सोडल्या नाहीत, आणि लगेच पाहुणे! मला काय, आनंदच. तर हे पेटीचे डॉक्टर निघाले. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत कंपनीची काळी पेटी घरघरत असते, नात ती घरूनच सांभाळते. नातीच्या कंपनीतली माणसं इंटरनेटवर जे मागतात ते हिच्यातून जातं. ही प्रत्येकाची प्रत ठेवते, पुन्हा कोणी मागितलं की आपल्याकडचीच देते. माझ्या सासूबाई अशाच, चिंधीसुद्धा टाकायच्या नाहीत. पण हिची मेमरी रोज फुगते आणि भरली की कंपनीचं काम ठप्प. आता एकदा जरी असं झालं तर नातीने घरी बसावं, असं बुटक्याने माझ्यादेखत सुनावलं. मेल्याची जीभ की कात्री! नात म्हणाली, आजी, तासातासाला पडद्यावरचा मेमरीचा आकडा या वहीत लिही, शंभर झाला की भरली. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण आकड्यांत मला कोण हरवतंय! सकाळी ४०, संध्याकाळी ५२. बाकीचं माझ्या हौसेने लिहिते.

मंगळवार, ५
कंपनी उघडायच्या आधी नातीने पेटी बंद करून चालू केली. ३१. दुपारी ६०. चष्मेवाला म्हणाला, प्रती ठेवायचं हिचं एक कपाट आहे, त्यातल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी ही डोक्यात, म्हणजे मेमरीत, ठेवते, तेव्हा कपाटच लहान करा. केलं. एकटीला करमेना, म्हणून मी पेटीलाच माझ्या लग्नाची गोष्ट सांगत बसले. बुटका म्हणाला, म्हातारी बोलून बोलून यंत्रालाही झोपवेल.

बुधवार, ६
कपाट लहान, तरी ७४. पडद्यावर चिठ्ठ्यांची यादी सरकत होती. त्यात मराठी ओळ. लग्नात ह्यांनी माझ्या कानात जे म्हटलं, ते. हे मी पेटीला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. नातीला बोलावलं, तोवर ओळ गेली. तिला सांगायला तोंड उघडलं, तर ते शब्दच आठवेनात. नात म्हणाली, वयाने होतं गं.

गुरुवार, ७
८८. ह्यांचा चेहरा आठवत नाही. मिशा होत्या? चष्मेवाल्याला विचारलं, हिने घेतलेलं परत कसं मिळेल. म्हणाला, बंद केल्याशिवाय घेतलेली जागा ही सोडत नाही. बटणावर हात ठेवला होता मी. पण नातीची नोकरी—

शुक्रवार, ८
९५. नातीने बाहेरून हाक मारली. मी ओ द्यायच्या आधी पेटीने दिली. माझ्याच आवाजात. नात हसून तिच्याशी बोलत बसली. मी दारात उभी—

शनिवार
९५. वाढत नाही आता. एक मुलगी आनंदाने रडत होती, नोकरी वाचली म्हणे. गुणी आहे. कोणाची आहे विचारायचं राहिलं.

दोन माणसं आली होती. बुटका पहिल्यांदाच गोड बोलला. आजी, तुमच्या गोष्टी ऐकायला सोमवारी परत येतो म्हणाला. वाकून. पेटीला.

मी म्हटलं, अहो, मी इकडे— कोणी वळलं नाही.

सोमवारी येणार आहेत. तोवर मला माझं नाव तरी