मॅनेजर चहाला यायचे तेव्हा

बाबा, पोरगी आत झोपली आहे आणि मी दर दहा मिनिटांनी जाऊन तिला हलवते आहे. हलवलं की डोळे उघडते. मी विचारते, आज वार कुठला. ती म्हणते, "थर्सडे. आई, स्टॉप." मग मी परत येऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसते. दुपारचे दोन वाजलेत, खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसेल असं ऊन आहे. घाबरले आहे, दुसरं काही नाही. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा सगळे एकाच खोलीत राहायचो, लिहिणार काय. आणि माझं लिहिणं सातवीपर्यंतचं, तेव्हा चुका काढत बसू नका.

तुमची नात सतरा वर्षांची आहे. इथे बहरीनला झिंजमध्ये भाड्याच्या घरात राहतो आम्ही. तुमचे जावई कंपनीची गाडी चालवतात, मी ईसा टाउनच्या शाळेच्या बसवर बारकी पोरं चढवते-उतरवते. आज पहिल्यांदा न सांगता दांडी मारली. पोरगी क्रिकेट खेळते. बॅट मारणाऱ्याच्या बाजूला जवळ उभी राहते, तिथे बॉल सगळ्यात जोरात येतो. काल संध्याकाळी सरावात तो उसळला आणि तिच्या कानाच्या वर बसला. घरी आली, बेसिनमध्ये उलटी केली, नळ सोडला आणि मला म्हणाली, "आई, सरांना डोन्ट टेल. फ्रायडेला सिलेक्शन आहे." दुबईच्या कुठल्याशा टीमला मुली हव्यात, खेळायचा पगार देणार आहेत म्हणे. खेळायचा पगार. हे तिच्या तोंडून ऐकलं आणि मला तुम्हीच आठवलात.

आपल्या गावात खेळायचा पगार घेणारे पहिले तुम्हीच. शिमग्याच्या सामन्याला रंगाच्या कंपनीचा माणूस आला होता, त्याने तुम्हाला डाव्या कोपऱ्यावर बघितलं आणि उचलून शहरात नेलं. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "हुतुतू खेळून कोण पगार देतं रे? लोकांना सांग, मशिनीवर लागलोय." तुम्ही सकाळी मस्टरवर सही करायचात आणि सरळ मैदानावर जायचात. कंपनीने चाळीत खोली दिली होती, ती तुम्ही खेळाल तोवरची. कायम करायचे ते काही हंगाम बघूनच. मी मैदानाच्या कडेला बसलेली आहे. तुम्ही गुडघ्यात वाकलेले, चढाईला आलेला माणूस तुमच्यासमोर नाचतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. घरी येताना मला सांगता, "तोंडाकडे बघायचं नाही बाय, टाचेकडे बघायचं. माणूस पळायच्या आधी टाच उचलतो." मग एकदम घोटा धरायचात, आणि तुमच्या हातात सापडलेला सुटलेला मी पाहिला नव्हता. बोटं सगळी वाकडी झाली होती. भाकरीचा तुकडा मोडायला आई मदत करायची, तर तिच्यावर खेकसायचात.

दुखतंय असं कुणी म्हणायचंच नाही, ही तुमच्या सगळ्यांची रीत. म्हटलं की राखीव, आणि राखीव माणसाची खोली जाते. हे टीमच्या मॅनेजरना ठाऊक होतं, म्हणून ते सामन्याच्या दिवशी सकाळी एकेकाच्या घरी चहाला यायचे आणि बापाला काही न विचारता पोरांना विचारायचे. पोरं खोटं बोलत नाहीत असं त्यांना वाटायचं. आणि चाळीतल्या प्रत्येक घरात बापाने पोरं आधीच शिकवून ठेवलेली असायची. आम्ही पोरं तर जिन्यात बसून त्याचा सराव करायचो. एक जण मॅनेजर व्हायचा, ढेरी पुढे काढून विचारायचा, "काय रे, तुझा बाप लंगडतो का?" हसून हसून पोट दुखायचं.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात समोरच्याचा गुडघा तुमच्या कानशिलावर बसला. तुम्ही उठलात, खेळलात, जिंकलात. संध्याकाळी आपलं दार सोडून शेजाऱ्यांच्या दारात चप्पल काढलीत. आई हसली. मी नाही हसले. पहाटे मोरीत तुम्हाला उलट्या झाल्या, मी तांब्या घेऊन उभी होते. आणि नऊ वाजता मॅनेजर आले. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि मला जवळ बोलावलं.

"काय गं, बाबा रात्री बरे होते ना? उलटी-बिलटी?"

तुम्ही त्यांच्या मागे उभे राहून बोटांना चिकटपट्टी गुंडाळताय. माझ्याकडे बघताय. मी म्हणते, "नाही. बाबांनी रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या." भाकऱ्यांचं तुम्ही शिकवलं नव्हतंत, ते मीच जोडलं. नऊ वर्षांची होते. मॅनेजर म्हणाले, "शाब्बास." तुम्ही अंतिम सामना खेळलात, परत डोक्यावर पडलात, कप आला, आणि मला कंपासपेटी आणलीत.

पुढच्या हंगामात तुमचा हात उशिरा जायला लागला. टाच दिसायची, पण हात पोचेपर्यंत माणूस रेषेपार. प्रेक्षक काय काय बोलले ते मी ऐकलंय, ते लिहीत नाही. मग राखीव, मग स्टोअरमध्ये डबे मोजायचं काम, तेही मॅनेजरनी दया केली म्हणून. मग फिट यायला लागली. आई कामाला जायची, तुमच्यापाशी कुणीतरी बसायला हवं, म्हणून माझी शाळा सुटली. ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी मी फक्त दूध आणायला खाली उतरले होते. मला कुणी बोललं नाही, ना दुधावरून, ना त्या दोन भाकऱ्यांवरून. तुम्ही तर कधीच नाही, ते तर मला अजून जास्त लागतं. नातीला मी एवढंच सांगितलंय की आजोबा स्टोअरमध्ये होते.

इथवर लिहून उठले आणि तिच्या सरांना फोन केला. पाकिस्तानी आहेत, मला बाजी म्हणजे ताई म्हणतात, माणूस चांगला आहे. पोरगी आवाजाने उठून दारात येऊन उभी राहिली, एक हात चौकटीवर. तोल सावरत होती की रागाने धरली होती, मला कळेना. "यू डोन्ट नो एनिथिंग अबाउट स्पोर्ट्स," मला म्हणाली. मी म्हटलं, "गप बस तिथे." सर म्हणाले, "बाजी, अच्छा किया बता दिया. कल का नाम काट रहा हूँ. आज ही डॉक्टर को दिखाओ." पोरगी आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आता हलवलं तर वारही सांगत नाही, नुसता माझा हात झटकते. झटकला की मला बरं वाटतं. पाच वाजता जावई गाडी घेऊन येतील, मग दवाखाना. डॉक्टर काय म्हणेल, तेच घोकत बसले आहे. काहीच नाही म्हणाला, तर तिचा दुबईचा पगार मी फुकट घालवला. काही आहे म्हणाला, तर काय, ते मला लिहवत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, डब्याखाली ठेवते. एक मात्र तुम्हालाच सांगते, जावयालासुद्धा सांगणार नाही. सरांनी फोनवर विचारलं, "उल्टी कितनी बार हुई?" एकदाच झाली होती, बाबा. एकदा सांगितलं तर उद्या खेळवतील, अशी भीती वाटली. मी तीन सांगितल्या.