पाच-नऊचा अहवाल

रत्नागिरी

प्रिय आत्माराम,

तुझ्या गावच्या संदेशच्या तोंडी पाठवलेला तुझा टोमणा पोहोचला: ‘मास्तर आता जनरल ग्रेडवाले होणार, नाटे गावच्या खलाशाशी कशाला बोलतील?’ यातला पहिला भाग खरा आहे. हॅम रेडिओच्या वरच्या परवान्याचा अभ्यास मी करतो आहे. त्यावरून तू काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि तो खोडून काढल्यावाचून मला स्वस्थ बसवत नाही.

स्वस्थपणा तसा कशातच उरलेला नाही. सर्किटची आकृती काढायला घेतो, ती अर्धी टाकून भाट्याच्या पुलापर्यंत जातो, परत येऊन मोर्सचा सराव लावतो. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस टिंबे आणि रेघा घोकतो याचे हेमाला हसू येते. जेवतानाही माझी बोटे ताटाच्या कडेवर वाजू लागली की म्हणते, ‘आधी भात संपवा, मग तारा करा.’ नियम आणि सिद्धांत मला जड नाहीत. मोर्स मात्र याच वर्षी जमला पाहिजे.

आपल्या सध्याच्या परवान्यावर मोर्स पाठवता येत नाही, बोलावेच लागते. रोज सकाळी आपण तेच करत आलो. तुझी सुरमई, माझ्या आंब्याच्या कलमांवरचा तुडतुडा, मथुरावहिनींनी तुला घातलेल्या शिव्या. गणपतीनंतरच्या त्या सकाळी तू बराच वेळ बोललास. मी म्हणालो, ‘पाच-नऊ, सगळे मिळाले, उत्तम,’ आणि सेट बंद केला. त्यानंतर तू सेटवर आला नाहीस. वहिनींना गाठ निघाली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, हे तू मला सांगत होतास, असे हेमाला पुढे बाजारात कळले. तू मला निर्दय ठरवलेस. हाती असलेल्या पुराव्यावरून मीही तेच ठरवले असते.

पुरावा अपुरा होता. नवशिक्यांना मी किती दटावले आहे, तुला ठाऊक आहे: पहिला आकडा शब्द किती स्पष्ट कळले याचा, दुसरा आवाजाच्या जोराचा, सवयीने पाच-नऊ देऊ नका. तुझा नऊ खरा होता. पाच खोटा होता. तुझा आवाज खोलीभर घुमत होता आणि एक शब्दही मला कळत नव्हता. कानांचे हे दुखणे वाढत जाणार, असे डॉक्टर म्हणतात; कानाच्या यंत्राने जोर वाढेल, स्पष्टता फारशी नाही. फोनवरही हीच गत, म्हणून पत्र. मोर्सचा एकच सूर मात्र मला अजून स्वच्छ ऐकू येतो. ‘त्या टकटकीत माणूस कुठे असतो?’ असे तू नेहमी म्हणतोस. तू असावास, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. माझ्याबरोबर परीक्षेला बस. मी एकट्याने उत्तीर्ण होऊन बोलू कोणाशी? वहिनींविषयी मात्र तोवर थांबू नकोस. त्या सकाळी जे सांगितलेस ते सारे पहिल्यापासून लिहून पाठव. मी त्यातले काहीही ऐकलेले नाही.

तुझाच,
हरिहर