आक्का, तुझं विमान परत वर गेलं तेव्हा

प्रिय आक्का,

परवा भीमाशंकरच्या घाटात मी वाटेतच जीप थांबवून ठेवली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

लेकीला, सोनलला, लोणीत आईजवळ ठेवून तू परदेशात नर्स म्हणून राबलीस. चार वर्षांपूर्वी सुट्टीला येताना विमानात बसण्याआधी मला फोन केलास.

"बाळू, तिकडं पाऊस हाय का रं?"

"हाय थोडा. ये तू बिनधास्त."

थोडा नव्हता गं. जीपचे वायपर चालू असूनही पुढचं दिसत नव्हतं. तू घाबरशील म्हणून खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का? नसतीस, हे कळतं. तरी विचार येतोच.

मी विमानतळावर उभा होतो. तुझं विमान खाली आलं आणि न टेकताच परत वर गेलं. आजूबाजूचे लोक वैतागले. मीही घड्याळ बघत म्हणालो, "आता आनखी किती येळ लावनार हायेत?" मला मंचरला पुढचं भाडं गाठायचं होतं.

दुसऱ्या खेपेला विमान उतरलं, पण थांबलं नाही. धावपट्टी संपली तरी पुढेच गेलं आणि पलीकडच्या ओढ्यात कोसळलं.

पुढे चौकशीचा अहवाल आला. सोनलने तो आम्हाला मराठीत सांगितला. चाकं जिथं टेकायला हवी होती त्याच्या बरीच पुढे टेकली. धावपट्टीवर पाणी होतं, ब्रेक लागेनात. पुन्हा वर जायला हवं होतं.

आईने विचारलं, "मग गेला का न्हाई त्यो वर?"

कोण काय सांगणार? तुझ्यासारखाच पायलटही वाचला नाही. मी मात्र त्याला चार वर्षं शिव्या देत राहिलो.

परवा घाटात दाट धुकं होतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. मी जीप कडेला घेतली. मागे बसलेले प्रवासी म्हणाले, "भाऊ, पुण्यावरून आमची रेल्वे आहे. हळूहळू चला की. ते बघा, दुसरे जीपवाले गेले."

खरं सांगतो आक्का, माझा हात किल्लीकडे गेला. एवढी माणसं मागून बोलायला लागली की थांबायची लाज वाटते. तेव्हा मला तो पायलट आठवला, आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. एकदा तो परत वर गेला होता. पुन्हा जाणं त्याला किती जड गेलं असेल?

मी किल्ली काढून खिशात टाकली. "रेल्वे चुकली तर चुकू द्या. मी आता न्हाई हलनार."

तासाभराने धुकं विरळ झालं, मग घाट उतरलो. त्यांची रेल्वे चुकलीच. जीपमधून उतरताना कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

सोनलही नर्स झाली गं. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी विमानाने जाणार आहे. आई नको म्हणते. मीही दोनदा मोडता घातला. आता नाही घालणार. आईची समजूत मी काढीन, आणि सोनलला सोडायला मीच जाईन. त्याआधी तिला समोर बसवून सांगीन, की तिची आई वर घिरट्या घालत होती तेव्हा मामा खाली काय बोलला. रागावली तर रागावू दे.

तुझा,
बाळू