मॅचचे प्रेक्षक तीन

रविवार, ८ डिसेंबर

घरात टीव्हीवर कोण काय बघतं, त्या पाहणीचा फॉर्म भरला. मॅचमुळे आज आईची मालिका लागली नाही. जेवणाच्या सुट्टीत तरी लागेल, म्हणून ती तांदूळ निवडत खोलीतच बसून राहिली. नियम स्पष्ट आहे: खोलीत असेल तो प्रेक्षक. म्हणजे मॅचचे प्रेक्षक तीन. बाबा, मी, आई.

मी म्हटलं, "आई तर मालिकेची वाट पाहत होती."

"त्याचा रकाना हाये का वं?" बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "लिहून टाक नं. बसलीच होती मी."

अशा फॉर्मांवरूनच पुढच्या रविवारी काय दाखवायचं ते ठरतं. मी डिप्लोमावाली, चुकीचा आकडा लिहीत नाही. पण हा बरोबर आहे? नियमाने आहे. तीन लिहिले, सही केली.

ते तांदूळ तिने कालच निवडले होते.