नाव झाकून वाचलेला फोटो

सर, काल माझ्या डोक्याचा दुसरा फोटो झाला. पहिला गेल्या वर्षीचा. सकाळी चहाचा कप डाव्या हातातून आपोआप सुटला आणि दुपारपर्यंत बोटं माझी नसल्यासारखी लटकत राहिली, तेव्हाचा. उजव्या बाजूची मधली धमनी एका ठिकाणी अरुंद झाली आहे, म्हणजे जागा अगदी तुमचीच. गुरूकडून काय उचलावं आणि काय उचलू नये एवढंही कळत नाही का तुला, असं तुम्ही नक्की म्हणाला असता. आता मानेत सुई टोचत नाहीत. एका बोगद्यात निजवतात, कानाशी कुणी पत्रे ठोकत असल्यासारखा आवाज होतो आणि थोड्या वेळानं "आजी, झालं" म्हणून उठवतात. मी जन्मभर हेच काम केलं हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. फोटोचं बंद पाकीट घेऊन घरी आले. ते समोर टेबलावर आहे आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे.

पन्नास वर्षं होत आली. दुष्काळ नुकता सरला होता, तरी नळाचं पाणी रोज येईलच असं नव्हतं. आपला विभाग म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक डार्करूम. उन्हाळ्यात फोटो धुण्याचं पाणी इतकं तापायचं की प्लेटवरचा थर बोटाला चिकटून यायचा, म्हणून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवरून यायची आणि औषधाच्या टाकीभोवती ठेवली जायची. मी वैरागहून आलेली, नवी डॉक्टर. माझं नाव तुम्ही कधी घेतलंच नाही. "काय वैराग, जेवलीस का?" एवढीच आपली रोजची सुरुवात. अंगावरून वारं गेलेला रोगी आला की मानेतल्या धमनीत सुई घालायची, शिरा फोटोत उमटवणारं औषध हातानं सोडायचं, आणि ते मेंदूत चढत असतानाच फोटो घ्यायचा. एकदा एका बाईनं तुम्हाला विचारलं, "डोक्याचा फोटो काडायचा हाय न्हवं, मग मानेत सुई कशाला वो?" तुम्ही म्हणालात, "वरच्या माळ्यावर जायचं, तर जिना खालूनच चढाय लागतोय की." ती हसली आणि निमूट आडवी झाली. मला तसं कधी जमलं नाही.

तुमची शिस्त मात्र जीवघेणी होती. काही महिन्यांनी रोगी परत आला की दुसरा फोटो, आणि तो अगदी पहिल्यासारखाच हवा. मान तेवढीच वळलेली, हनुवटी तेवढीच वर. मान जराशी फिरली तर तू रोग नाही, मान वाचशील, असं म्हणून तुम्ही माझे किती फोटो बाजूला सारलेत. वाचायचे तेही तुमच्या पद्धतीनं. आधी जुना, मग नवा, आणि दोन्हींच्या कोपऱ्यातलं नाव अंगठ्यानं झाकून, मोठ्यानं. एकदा रोग्याचा मुलगा दारात उभा होता म्हणून मी "थोडंसं अरुंद वाटतंय" असं पुटपुटले. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "फोटोवर दया करायची नसते. माणसावर करायची, ती बाहेर जाऊन." मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. घरी जाऊन रडले, हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

आणि मग तुमच्याच अंगावरून वारं गेलं. डावा हात पडला, तोंड किंचित वाकडं, बोलणं जड पण समजण्यासारखं. तुमची सुई सर्जनसाहेबांनी लावली आणि मान मी धरली होती. अरुंद जागा तेव्हाच सापडली. औषधं सुरू झाली, तुम्ही हळूहळू चालायला लागलात, खुर्चीत बसून पुन्हा शिकवायला लागलात. आणि वर्षभरानं एके सकाळी, टपाल आलं का विचारावं तितक्या सहज म्हणालात की आता दुसरा फोटो काढायचा, आणि सुई तू लावायचीस. साहेबांची बदली झाली होती. मी पुण्याचं नाव काढलं. तुम्ही म्हणालात, पुण्याचा माणूस माझी मान त्याच्या मनाला येईल तशी वळवील, पहिल्या वेळी ती कशी होती हे फक्त तुझ्या हाताला माहीत आहे. मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीत. त्या सुईनंच धमनी आखडली किंवा गुठळी सुटून वर गेली तर उरलेला हातपाय, वाचा, सगळंच जाऊ शकतं, हे मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच.

त्याच संध्याकाळी काकूंनी मला घरी बोलावून घेतलं. तुमच्या घरचं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. खिडकीत कडक भाकऱ्यांची चवड, उखळात शेंगाचटणी. तुम्हाला एका हातानं कडक भाकरी मोडता येत नव्हती आणि कुणी मोडून दिलेली चालत नव्हती, म्हणून काकू ती आधीच आमटीत चुरून ठेवत आणि मऊच झाली आज, असं तुम्हाला सांगत. त्या माझ्याकडे न बघता चुरत राहिल्या. अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "ब्याड, नको, सुई लावू नको बघ तू. तुझा हात कापतोय असं सांग." मी म्हणाले, सरांना कळायला हवंय. तेव्हा त्यांनी हात थांबवला. "कळून काय करणार हाईत? वाढलं असंल तर वाढलं. मला ते फोटोत नकोत, जेवायला बसलेले पाहिजेत." मला त्यांचंच खरं वाटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सुई मात्र मीच उकळायला ठेवली.

तुम्ही टेबलावर आडवे आहात. मी मान वळवते, पहिल्या फोटोत होती तेवढीच, आणि तुम्ही खालून सूचना देताय, उशी जरा काढ, बोटं नाडीवर घट्ट ठेव, घाई नको. "सर, आता बोलू नका," मी म्हणते. माझ्या तोंडून तुम्हाला पहिल्यांदाच हुकूम जातोय. मानेतली नाडी माझ्या दोन बोटांखाली उडतेय, तिच्याइतकीच माझी स्वतःचीही. सुई आत जाते, रक्ताची चिळकांडी येते, नळी जोडते, औषध जोरानं सोडते आणि ओरडते, "आता!" पलीकडून प्लेटची कॅसेट ओढल्याचा आवाज येतो. औषध चढताना अर्धा चेहरा भाजल्यासारखा होतो असं रोगी सांगत. तुम्ही फक्त डोळे मिटलेत. मी सुई काढते, मान दाबून धरते आणि म्हणते, "सर, डावा हात हलवा." काही हलत नाही. पुन्हा म्हणते. मग तुमची दोन बोटं टेबलाच्या पत्र्यावर हळूच टकटक करतात, रोज तेवढीच हलायची, तेवढीच.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मी मामांच्या खांद्यामागे उभी राहिले. आपले डार्करूमचे मामा, इतक्या वर्षांत त्यांनी एकही प्लेट खराब केली नव्हती. टाकीतून फोटो वर आला. "लई साफ आलाय बाई," मामा खूष होऊन म्हणाले, "एकेक शीर मोजून घ्या." खरंच साफ आला होता. मान तंतोतंत पहिल्यासारखी, औषध वेळेवर पोचलेलं. मनात आलं, थोडी तरी हलली असती मान, तर म्हणता आलं असतं की नक्की सांगता येत नाही. ती धमनी मागच्या वर्षी सुतळीएवढी होती. आता तिथं दोरा होता.

ओली प्लेट घेऊन बाहेर आले. बाकावर काकू डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर खाली डब्याकडे वळवली. आत तुम्ही खुर्चीत बसला होता, मानेला बोळा चिकटवलेला. मी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर लावले. तुम्ही चांगला हात पुढे केलात आणि अंगठ्यानं नाव झाकलंत. "वाच."

जुना वाचला. आवाज ठीक होता. मग नवा. "उजवी मधली धमनी, पहिल्याच जागी अरुंद," मी म्हणाले, आणि थांबले.

"पुढं?"

"वाढलंय."

"कुणाचं?"

"माहीत नाही, सर. नाव झाकलंय."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. अंगठा मात्र काढला नाहीत. मामांनी चहा आणेपर्यंत तो तिथंच होता.

पुढचं तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. मुंबईला नवं ऑपरेशन करतात म्हणे, असं मी सुचवून पाहिलं, तर हसून सोडून दिलंत. महिना संपायच्या आत नोकरी सोडलीत आणि काकूंना घेऊन अक्कलकोटकडच्या शेतावर राहायला गेलात. पावसाळा गेला, ज्वारी निघाली. काकूंनी कुणाबरोबर तरी शेंगाचटणीचा डबा पाठवला आणि तोंडी निरोप, की आता दोन्ही वेळा जेवायला घरात असतात. मी तो डबा पुरवून पुरवून खाल्ला. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात, झोपेतच, असं काकू म्हणाल्या. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. मी मात्र बरीच वर्षं तुमच्यावर रागावले होते. मला वाटायचं, मरणाच्या दारातसुद्धा या माणसाला परीक्षा घ्यायची हौस. माझ्याकडून ते वदवून घेतलंत, नुसतं शिकवण्यासाठी. मीही पुढं माझ्या विद्यार्थ्यांना नावं झाकायला लावली, आणि तुमची ही गोष्ट त्यांना शिस्तीचा नमुना म्हणून सांगत आले.

काल रात्रीपासून हे पाकीट टेबलावर आहे. मुलगा दोनदा फोनवर म्हणाला, आई, रिपोर्टचा फोटो काढून पाठव. मी त्याला सांगितलं की अजून मिळाला नाही. माझा गेल्या वर्षीचा फोटो खिडकीच्या काचेला लावून झाला, कोपऱ्यातल्या नावावर अंगठाही ठेवून झाला. आणि तेव्हा ती दुपार पुन्हा नीट दिसली, सर. मी वाचत होते तेव्हा तुम्ही उजेडाच्या पेटीकडे बघतच नव्हता. सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होता, लिंबाखाली रोग्यांची माणसं चुली पेटवत होती तिकडे. जिल्ह्यातल्या सगळ्यांचे फोटो वाचणारा माणूस स्वतःच्या फोटोकडे एकदाही वळला नाही. ती परीक्षा नव्हतीच. तुम्हाला भीती वाटत होती, आणि कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

मला तेव्हा ते कळलं असतं तर माझा आवाज फुटलाच नसता आणि तुम्हाला "वाढलंय" ऐकायला मिळालं नसतं, तेव्हा कळलं नाही तेच बरं. पण आज इथं "कुणाचं?" असं विचारणारं कुणी नाही, सर. मी तुमच्या आठवणीनं लिहायला बसले हे काही खरं नाही. ते पाकीट उघडायला लागू नये, म्हणून बसले.