सहावा कप्पा

१४ ऑक्टोबर
सोलापूरनगरीत अस्मादिकांचे शुभागमन झाले. वाजंत्री नव्हती, परंतु चादरीच्या कारखान्याचे मालक दिग्विजयशेठ यांनी कडक भाकरी नि शेंगाचटणी देऊन सत्कार केला, जो कोणत्याही मानपत्राहून श्रेयस्कर होय. आजपासून अस्मादिक येथील संगणकाधिपती. ज्या सर्व्हरवरून सर्व नक्षी मागांकडे जाते, तो मागील खोलीत विराजमान आहे. कप्पे सहा, पाचांत डिस्क, सहावा रिक्त. चार डिस्कांच्या कपाळी हळद, पाचवीच्या कपाळी कुंकू: परवाच्या खंडेनवमीची पूजा. कुर्डुवाडीस सौभाग्यवती देवयानींना फोनवर हा थाट वर्णन करून सांगितला. त्या म्हणाल्या, आधिपत्य नंतर गाजवा, आधी रक्तदाबाची गोळी घ्या.

१५ ऑक्टोबर
मागांची दुरुस्ती करणारा रेवणसिद्ध बजावून गेला की साहेब, कुंकवाची ती शिवानंद मास्तरांची हाय, तिला हात लावू नगा, आनि कुंकू तर पुसूच नगा. हे मास्तर म्हणजे येथील नक्षीकार, श्रावणात निवर्तले. कन्या अंकिताच्या लग्नासाठी त्यांनी रेखाटलेली अखेरची चादर त्या डिस्कवर आहे, अन्यत्र कोठेही नाही. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. अस्मादिकांनी मंद स्मित केले. विद्युद्यंत्रास कुंकुमतिलक!

१७ ऑक्टोबर
स्वच्छतायज्ञ आरंभिला. पाचही डिस्क काढून स्पिरिटाने निष्कलंक केल्या. परत बसविताना कोणती कोठली, हे मात्र — असो. सर्व्हरने एकीस ओळख दिली नाही. ही परकी आहे, पुसून वापरात घ्यावी काय, असे त्याने सविनय विचारले. अस्मादिकांनी तितक्याच विनयाने ‘होय’ दाबले.
ती मास्तरांची होती.

१८ ऑक्टोबर
शेठ संतप्त. अंकिता दारात उभी होती. तेव्हा माझ्या मुखातून निघाले की काल रेवणसिद्ध इथे खुडबुड करीत होता. (‘अस्मादिक’ लिहिण्यास आज लेखणी धजत नाही.) त्यास तत्काळ कामावरून काढले. जाताना एवढेच म्हणाला की साहेब, मी हितं नव्हतोच की, तुमाला तर ठावं हाय.
उद्या शेठना सत्य निवेदन करीन.

२१ ऑक्टोबर
निवेदन केले नाही. सहाव्या कप्प्यात डिस्क सापडली, अशी सर्व्हरची सूचना. कप्पा उघडला. रिकामा. आत हात घातला. बोटांना ओले कुंकू लागले. पडद्यावर मात्र डिस्क भरलेली, आणि तीत चादरीची नक्षी: रेल्वे क्वार्टरचे अंगण, पाण्याचा बंब, त्यापाशी हिरव्या लुगड्यातली माझी आई. हनुवटीवरचे गोंदणसुद्धा. मास्तरांनी तिला कधी पाहिले नव्हते. खाली तोच सविनय प्रश्न. मी कशालाही स्पर्श केला नाही. ‘होय’ आपोआप दबले.

२२ ऑक्टोबर
कालची नोंद वाचली. हस्ताक्षर माझेच. पण हे अंगण कुणाचे? आईचा चेहरा आठवू पाहतो, तो कोरे कापड दिसते.
शेठ समोरून गेले. मी नमस्कार केला. एवढेच.

२४ ऑक्टोबर
आज नक्षीत एक स्त्री, हातात गोळ्यांची डबी. मग ‘होय’.
दुपारी कुणा बाईंचा फोन आला. गोळी घेतली का, म्हणून विचारत होत्या. नंबर चुकला, असे मी आदराने सांगितले. त्या आधी हसल्या. मग रडू लागल्या.

२५ ऑक्टोबर
सर्व्हरची वायर उपटली. पडदा चालूच. तो कप्पा माझ्यातूनच भरतो आहे — आणि मग पुसतो — मी जसे —
आज सांगणारच होतो. शेठ मुंबईला गेलेत, फोन लागत नाही. उशीर केला मी.

२६
नक्षीत एक माणूस. हातात पाना. फाटकातून चाललाय. मागे वळून माझ्याकडे बघतो.
खाली प्रश्न आला.
घाईने लिहितो. वाचणाऱ्याने शेठना दाखवावे. डिस्क मी पुसली. खोटं मी बोललो. त्याला परत घ्या, त्याचा काही दोष नाही — मागची पानं उलटतोय, तिथं लिहिलंय मी — अक्षरं दिसतात, लागत नाहीत — आत्ता होतं, ओठांवर होतं — त्याचं नाव —