मधल्या भिंतीवरचं गांधीलमाश्यांचं पोळं

करिष्मा,
तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. दादा गेला.

पोळं दादाकडच्या भिंतीवर आहे, त्यांनीच काढावं, असं मीच तुला म्हणालो होतो. आज सकाळी तो एकटाच शिडी लावून चढला. मी खिडकीतून पाहिलं, पण वाटणीपासून आमचं बोलणं बंद, म्हणून हाक मारली नाही. माश्या तोंडावर, मानेवर डसल्या. कसाबसा उतरला आणि अंगणातच बसला. त्याला श्वास घेता येईना. मी त्याला उचलून रिक्षात घातलं. तीन वर्षांनी माझ्याशी बोलला, "क्षितिजा खारबावहून यायच्या आत काढायचं होतं रं. पोरीच्या खिडकीशीच हाय." दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

वहिनी तिथेच आहेत. मी त्याचं आधार कार्ड न्यायला आलोय. अर्धं पोळं अजून लटकतंय, ती खिडकी उघडू नकोस. आपली क्षितिजा आली की तिला शेजाऱ्यांकडे ठेव. काका कशाने गेला ते तिला मी सांगेन.

माणसं यायला लागतील. कुणी आपल्या दारात आलं तर दादाच्या ओटीवर ने. मीही तिथेच बसणार आहे.

मितेश